देणगीसाठी परदेशात सायकलफेरी कशी करावी : सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

एखाद्या चांगल्या कामासाठी निधी उभा करायचा म्हणून परदेशातल्या सायकलफेरीत भाग घ्यायचे ज्याने ठरवले आहे, त्याने सायकलीच्या दुकानात जाण्याआधी दोन वह्या विकत घ्याव्यात. पहिल्या वहीत स्वतःचा खर्च लिहावा : विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, मुक्काम, सायकलीचे भाडे. दुसऱ्या वहीत फक्त लोकांनी दिलेली देणगी लिहावी. या दोन वह्यांमधला एकही रुपया इकडचा तिकडे होता कामा नये. मी लंडन ते पॅरिस या मार्गावर अशी फेरी केली आहे आणि त्यानंतर सोलापुरातल्या काही जणांना तयारीसाठी मदतही केली आहे. चढ, ऊन, पाठदुखी यांतून माणूस निभावतो. पण ‘आमच्या पैशांवर फिरून आला’ असे गावात एकदा बोलले गेले, की नुकसान एकट्या सायकलस्वाराचे होत नाही, ज्या कामासाठी तो निघाला होता त्या कामासाठीही पुढे कोणी खिशात हात घालत नाही.

फेरी निवडताना

परदेशातल्या अशा फेऱ्यांमध्ये साधारणतः एक नोंदणी शुल्क असते आणि त्याशिवाय प्रत्येकाने किमान किती निधी जमवायचा याची अट असते. प्रवासखर्चाचे मात्र दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात सायकलस्वार आपला सगळा खर्च स्वतः भरतो आणि जमलेली देणगी पूर्णपणे संस्थेला जाते. दुसऱ्या प्रकारात जमवलेल्या निधीतूनच त्याच्या तिकिटाचा आणि मुक्कामाचा खर्च भागवला जातो. हा दुसरा प्रकार बेकायदा नाही, ब्रिटनमध्ये तर तो बराच रुळलेला आहे. तरीही आपल्याकडच्या देणगीदाराला तो पटत नाही आणि मला त्याचे म्हणणे योग्य वाटते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० पासून कर्करोगावरील उपचार आणि संशोधनासाठी ‘पॅन-मास चॅलेंज’ ही सायकलफेरी निघते. तिथे सायकलस्वारांनी जमवलेली सगळी रक्कम डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला दिली जाते आणि आयोजनाचा खर्च प्रवेशशुल्क व प्रायोजक यांच्याकडून भागवला जातो. फेरी कोणतीही निवडा, आयोजकाला पहिला प्रश्न याच व्यवस्थेविषयी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मार्गांपैकी लंडन–पॅरिस सर्वांत परिचित आहे. मार्गानुसार ४५० ते ५०० किलोमीटर अंतर बहुधा चार दिवसांत कापायचे असते आणि मधली इंग्लिश खाडी बोटीने ओलांडायची असते. खर्च कमी ठेवायचा असेल तर व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरापासून कंबोडियातल्या अंगकोरपर्यंतची फेरी पाहावी. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ असतो. सोलापूरकराला उष्णतेचे नवल नसते, पण तिकडची हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हापेक्षा थकवा लवकर येतो, हे लक्षात ठेवून पाण्याचा हिशेब करावा.

देणगी कोणासाठी आणि कशी

फेरी परदेशात केली म्हणून निधीही परदेशी संस्थेलाच द्यावा लागतो असे नाही. आयोजकाने परवानगी दिली तर सोलापुरातल्याच एखाद्या कामासाठी, म्हणजे विडी कामगार महिलांच्या मुलांचे शिक्षण, गरजू रुग्णांचे डायलिसिस अशा कामासाठी निधी जमवता येतो. पहिल्या फेरीला मी हाच पर्याय सुचवतो, कारण देणगीदाराला ते काम स्वतः जाऊन पाहता येते. परदेशी संस्थेसाठी जमवणार असाल तर ‘आपल्याकडे गरज कमी आहे का?’ हा प्रश्न दहापैकी आठ जण विचारतील. तेव्हा चिडू नये. १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच मृत्यू पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. परक्यांसाठी काही करावे ही गोष्ट सोलापूरला समजावून सांगावी लागत नाही, फक्त पैसे कुठे जातात ते स्पष्ट सांगावे लागते.

संस्था ठरवताना तिची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर कायद्याखालची मान्यता (१९६१ च्या कायद्यात ती ८०जी कलमाखाली होती आणि त्याच नावाने ओळखली जाते) या तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. देणगीदाराला सुरुवातीलाच सांगावे की २,००० रुपयांहून अधिक देणगी रोख दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच ही सवलत घेता येते आणि त्यासाठी संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्याखाली त्याचे नाव १०बीई) घ्यावे लागते. परदेशी संस्थेला भारतातून पैसे पाठवायचे असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली बँकेमार्फत पाठवता येतात. त्यावर ८०जी लागू होत नाही.

नातेवाइकांच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. परदेशात राहणारा आपला भाऊ किंवा भाची अजून भारतीय नागरिक असेल आणि तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे दिले, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. मात्र तिने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल तर तीच रक्कम परदेशी देणगी ठरते आणि परदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या इथल्या संस्थेला ती घेता येत नाही. म्हणून ‘तू नागरिकत्व बदललेस का?’ हे विचारायला संकोच वाटला तरी विचारावे.

पैसे आपल्या वैयक्तिक खात्यावर कधीही घेऊ नयेत. संस्थेच्या खात्याचाच क्यूआर कोड छापून जवळ ठेवावा आणि रोख रकमेसाठी संस्थेचे शिक्क्याचे पावतीपुस्तक बरोबर ठेवावे. नवी पेठेत एका छोट्या कापड दुकानदाराने मला १०१ रुपये दिले आणि ‘पावती आमच्या आईच्या नावाने फाडा’ असे सांगितले. मी घाईत त्यांचेच नाव लिहिले होते. त्यांनी काही न बोलता पावती परत माझ्यापुढे सरकवली. ती रद्द करून, दोन्ही प्रतींवर तसे लिहून, मला नवी फाडावी लागली. देणारा माणूस पावतीकडे किती बारकाईने पाहतो हे मला त्या दिवशी कळले. किलोमीटरमागे एक रुपया अशी देणगी मागणे सोपे जाते, कारण ऐकणाऱ्याला लगेच आकडा डोळ्यांपुढे येतो. मात्र आजारपणामुळे फेरी अर्धवट राहिली तर पूर्ण रक्कम द्यायची की चाललेल्या अंतराची, हे आधीच ठरवून पत्रकावर छापावे.

सहा महिन्यांची तयारी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यानंतर पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन दिवस २५ ते ३० किलोमीटर पुरेसे आहेत. तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावाच्या पुढे जाऊन परतणे यासाठी सोयीचे आहे. आठवड्याचे एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवत न्यावे. एकदम वाढवले की गुडघे तक्रार करतात. तिसऱ्या महिन्यात अक्कलकोटला जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर, चौथ्यात तुळजापूरला जाऊन-येऊन सुमारे ९० किलोमीटर असा क्रम ठेवावा. तुळजापूरजवळचा घाट हा आपल्या जवळपासचा सर्वांत उपयोगी चढ आहे, कारण थकल्या पायांनी हलक्या गिअरवर एकसारखी लय धरून चढणे तिथेच शिकता येते. पाचव्या महिन्यात शनिवारी पंढरपूरला जाऊन मुक्काम करावा आणि रविवारी सकाळी परत निघावे. बहुदिवसीय फेरीत खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते, जेव्हा सीटवर बसायचीच इच्छा नसते. ते शरीराला घरीच एकदा कळलेले बरे. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत हा रस्ता वारकऱ्यांना मोकळा सोडावा. निघण्याआधीचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणावे.

सप्टेंबरची फेरी असेल तर सराव नेमका एप्रिल-मेमध्ये येतो आणि सोलापुरात त्या काळात पारा ४० अंशांच्या वर असतो. पहाटे पाचला निघून साडेआठपर्यंत घरी पोहोचावे, मागचा आणि पुढचा दिवा लावावा आणि पुणे–हैदराबाद महामार्गावर अंधारात जाऊ नये. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट प्यावे, लांबच्या सरावात त्याबरोबर ओआरएस घ्यावे, आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाला केळे, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू खावा.

सीटची उंची चुकली तर सगळा सराव वाया जातो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला तर उंची बरोबर आहे. गादीची सायकल-चड्डी वापरावी, तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये आणि घर्षण होणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावावी. पंक्चर काढणे अंगणात स्वतःच्या हातांनी इतक्या वेळा करावे, की अंधारातही जमले पाहिजे.

कागदपत्रे

पासपोर्टसाठी सोलापुरातच टपाल कार्यालयातल्या सेवा केंद्राची सोय आहे. लंडन–पॅरिस फेरीला एक नव्हे, दोन व्हिसा लागतात : ब्रिटनचा वेगळा आणि फ्रान्ससाठी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा, वेगळा. पासपोर्ट एका व्हिसासाठी जमा असताना दुसऱ्याचा अर्ज अडकू शकतो, म्हणून कामाला चार महिने आधी लागावे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो.

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. साध्या प्रवासविम्यात आयोजित सायकलफेरी धरलेली असतेच असे नाही, म्हणून पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी आणि विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

सायकल न्यावी की तिकडे घ्यावी

पहिल्या फेरीला आयोजकाकडची भाड्याची सायकल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; आपली उंची आणि पायाच्या आतल्या बाजूची लांबी आधी कळवावी. आपली सवयीची सीट, पेडल आणि हेल्मेट मात्र बरोबर न्यावे, कारण सायकल परकी असली तरी शरीर जिथे टेकते त्या जागा ओळखीच्या राहतात. स्वतःची सायकल नेणारच असाल तर खोक्यात भरताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नये. खोके सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला नेण्याची चौकशी रेल्वेच्या पार्सल कार्यालयात आठवडाभर आधी करावी. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

खाण्याच्या सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्यावी. मात्र दुधाचे पदार्थ ब्रिटन आणि युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. चटणी कोणाला देण्याआधी तिच्यात शेंगदाणे आहेत हे स्पष्ट सांगावे. तिकडे अनेकांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते आणि तीत जीव जाऊ शकतो.

तिकडच्या रस्त्यावर

ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. फ्रान्स, व्हिएतनाम आणि कंबोडियात ती उजवीकडून चालते. सरळ रस्त्यावर याचा त्रास होत नाही. उजवीकडून चालणाऱ्या देशांत चूक होते ती चहाच्या विश्रांतीनंतर पुन्हा रस्त्यावर येताना आणि गोल चौकात, जिथे वाहने डावीकडून येतात आणि आपली नजर सवयीने उजवीकडे जाते. तिथे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाआधी ‘डावीकडे पाहा’ असे स्वतःशी मोठ्याने म्हणावे. दुसरी बाब ब्रेकची. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तर युरोपातल्या मुख्य भूमीवरच्या सायकलींवर तो बहुधा डाव्या हाताला असतो. उतारावर चुकून पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. भाड्याची सायकल हातात आली की ती हाताने ढकलत नेऊन कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा ते पाहावे, मगच बसावे. प्रकृती साथ देत नसेल तर मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीत निःसंकोच बसावे आणि तेवढे अंतर दुसऱ्या वहीत प्रामाणिकपणे वजा करावे.

परत आल्यावर

महिन्याच्या आत हिशेबाचा एक पानी कागद तयार करावा : एकूण देणगी, संस्थेकडे जमा झाल्याची तारीख, संस्थेची पावती आणि आपला खर्च आपण वेगळा केल्याचा उल्लेख. मोबाईल असणाऱ्यांना तो पाठवावा आणि नसणाऱ्यांच्या दारात स्वतः नेऊन द्यावा. ज्यांनी शब्द देऊनही रक्कम दिलेली नाही, त्यांना एकदाच आठवण करावी आणि नंतर ते नाव वहीतून खोडावे. दुसऱ्या वहीवर संस्थेच्या खजिनदारांची सही घेऊन ती संस्थेकडे जमा करावी. पहिली वही घरीच ठेवावी, कारण पुढच्या वर्षी गावातला कोणी निघाला, की त्याचा पहिला प्रश्न खर्च किती आला हाच असतो.