पिस्तुलात बाहेरून घेतलेली रिकॉइल स्प्रिंग टाकताय? आधी या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात लायसनची बंदूक म्हटली की बहुतेक वेळा बागेतल्या डुकरा-माकडांसाठी ठेवलेली बारा बोअरच निघते, पण ज्यांच्याकडे .३२ बोअरचं हत्यार आहे किंवा जे रेंजवर पॉइंट टू टू (.२२) पिस्तूल मारतात त्यांच्यात हल्ली एकच खूळ, हेवी स्प्रिंग टाकली, स्टीलचा किंवा टंगस्टनचा गाइड रॉड (स्प्रिंग ज्यावर बसते ती दांडी) टाकला की झटका गायब आणि ग्रुप एकदम टाइट, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ.

पहिलं म्हणजे आपल्याकडे काय आहे ते तरी बघा. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर असेल तर त्यात रिकॉइल स्प्रिंग नसतेच, विषय संपला. पिस्तूल असेल तर स्प्रिंगचं काम स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येताना तिला आवरायचं आणि पुढे ढकलून पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकात) घालायचं. एकूण धक्का ठरतो गोळीचं वजन, वेग, बारूद आणि पिस्तुलाचं वजन यावर, स्प्रिंग बदलून तो कमी होत नाही, फक्त हाताला कधी आणि कसा लागतो ते बदलतं. टंगस्टन रॉडने पुढे वजन वाढतं म्हणून नळीचं तोंड थोडं कमी उडतं हे खरं, पण थोडंच. २५ मीटरच्या मॅचमध्ये पिस्तुलाला १४०० ग्रॅमची मर्यादा आहे, तेव्हा रॉड टाकण्याआधी वजनकाटा बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "जड स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग". बहुतेक .३२ पिस्तुलं ब्लोबॅक, म्हणजे स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळा खेळ, त्यात काडतूस कमी ताकदीचं. स्प्रिंग जास्त कडक झाली की स्लाइड पूर्ण मागे जातच नाही, पुंगळी बाहेर पडायच्या दारातच उभी अडकते किंवा पुढची गोळी उचललीच जात नाही, आणि वर पुढे येताना स्लाइड एवढ्या जोरात आपटते की नेम खाली जातो. हलकी टाकली तर उलटं, स्लाइड मागे फ्रेमवर ठोके देत राहते आणि कधीतरी फ्रेमला तडा. १९११ नावाच्या .४५ पिस्तुलाला १६ पाउंड जोराची स्प्रिंग ठरलेली आहे ती कोणाच्या लहरीने नाही.

आता जाम होतंय म्हणून पार्ट मागवताय? थांबा. पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघा, मग मॅगझिनवर खुणा करा, एकाच मॅगझिनला त्रास असेल तर दोष मॅगझिनचा. दुसऱ्या लॉटची काडतुसं वापरून बघा. रेंजवर दुसऱ्या नेमबाजाला त्यातून गोळ्या झाडून बघायला सांगा, त्याच्या हातात नीट चाललं तर तुमची मूठ ढिली आहे, राग येऊ देऊ नका. एक्स्ट्रॅक्टरखालचं (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखालचं) किटण काढा. एवढं करूनही त्रास असेल तर कंपनीचीच नवी स्प्रिंग, तीही लायसनवाल्या गनस्मिथकडून. जुनी नव्यापेक्षा बरीच आखूड झाली असेल तर ती गेलीच म्हणायची.

आपल्याकडे खरा शत्रू खारी हवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे स्प्रिंगचं काय, आणि त्यात लोक खोबरेल लावतात! खोबरेल थंडीत थिजतं, नंतर चिकट होतं, स्लाइड सुस्त, मग म्हणे स्प्रिंग वीक झाली. गन ऑइल वापरा, तेही पातळ थर.

परदेशी साइटवरून गुपचूप पार्ट मागवू नका, १९५९ च्या शस्त्र कायद्यात "शस्त्र" या व्याख्येत सुटे भागही येतात, शंभर ग्रॅमच्या लोखंडासाठी लायसन गमवाल.

इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा करताना चामड्याच्या होल्स्टरसकट देऊ नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं, पिस्तुलाला तेल लावून द्या. परत आल्यावर रेंजवर नेण्याआधी उघडून स्प्रिंगच्या वेढ्यांत बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं किंवा तांबूस पूड हाताला आली तर ती स्प्रिंग बदलूनच टाका.