झारीला हात लावायच्या आधी ट्रे उचलून बघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्रीची नोकरी सोडून कडोलीच्या बाजूला पाच गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं, त्याला आता चार वर्षं होतील. पहिल्याच आषाढात माझे टोमॅटोच्या रोपांचे 60 ट्रे गेले. 98 कप्प्यांचे ट्रे, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर रोपं, आणि त्यांचे आगाऊ पैसे शेतकऱ्यांनी दिलेले. यंदा नव्याने रोपवाटिका घालणारी दोन-तीन पोरं विचारायला आली होती. त्यांना जे बोललो तेच इथे लिहितोय. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवणं, बी टाकणं, ट्रे धुऊन घेणं हे तुम्हाला येतं असं धरतो.

माझी रोपं पाण्याने मेली. सगळे म्हणाले, मर लागली. ते खरंच होतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशा देठाला बुडाशी धरतात, देठ दोऱ्यासारखं बारीक होतं आणि काल टवटवीत दिसलेलं रोप आज आडवं. पण बुरशीला घर कुणी करून दिलं? मीच.

बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे तर जास्तच, आषाढात दिवसेंदिवस ऊन पडत नाही. नुसता पाऊस, वारा आणि गारठा. अशा हवेत लहान रोप पाणी ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. पण वारा लागून कोकोपीटचा वरचा थर सुकतो आणि फिकट दिसायला लागतो. तो रंग बघितला की मी झारी उचलायचो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. खाली कप्पा चिंब आहे हे मला दिसतच नव्हतं. मुळांना हवा लागते, चिंब कप्प्यात ती गुदमरतात. आणि पिथियमचे बीजाणू तर पाण्यात पोहत पुढच्या रोपापर्यंत जातात. त्यात मी ट्रे जमिनीवर, प्लॅस्टिकच्या कागदावर मांडलेले. तळाची भोकं कागदाला चिकटलेली, पाणी जाणार कुठून? गारठा नको म्हणून संध्याकाळी पडदे पार खाली सोडायचो. रात्रभर छताला आतून पाणी धरायचं आणि पहाटे ते रोपांवर ठिबकायचं.

पहिली पाच-सहा रोपं पडली तेव्हा दुकानात गेलो. त्यांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी सांगितली, म्हणजे औषध पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं. औषध चुकीचं नव्हतं, पण आळवणी म्हणजे परत पाणीच की! तीन दिवसांत दोनदा आळवलं आणि उरलेली रोपंही घालवली.

आमच्याकडे कामाला गोकाककडच्या एक अक्का यायच्या. त्यांनी एक ट्रे दोन्ही हातांनी उचलला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नीर भाळ आगेती, तम्मा." पाणी फार झालंय. एवढंच. माझी त्याआधीची सगळी धावपळ, पाहिलेले व्हिडिओ, दुकानाच्या चकरा, यातून जे कळलं नव्हतं ते त्यांना ट्रेच्या वजनावरून कळलं.

तर हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. एक ट्रे पोटभर भिजवा, जादाचं पाणी गळून जाऊ द्या आणि उचलून बघा. ते वजन हातात बसवा. मग तोच ट्रे दिवसातून दोन-तीनदा उचलत राहा. पानं किंचित मलूल व्हायच्या बेतात येतील तेव्हा तो किती हलका लागतो तेही लक्षात ठेवा. या दोन वजनांच्या मध्ये, हलक्या बाजूला झुकलं की पाणी द्यायचं. तराजू नको, मनगट शिकतं. आठवडाभरात नुसता कोपरा उचलूनही कळायला लागेल. शंका आली तर कडेचं एक रोप गड्ड्यासकट उपटा आणि गड्डा दाबा. बोटांतून पाणी निथळलं तर त्या दिवशी झारी बाहेर ठेवा. काठाचे ट्रे लवकर सुकतात, मधले ओले राहतात, म्हणून सगळ्यांना एकसारखं पाणी मारू नका. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत. ट्रे मांडवावर ठेवा, खालून वारा खेळू दे. पडदे सगळे बंद करू नका. गारठ्याने रोप आठ दिवस उशिरा येईल, पण येईल.

एखाद्या कोपऱ्यातली रोपं पडली तर घाबरू नका. तेवढे कप्पे कोकोपीटसकट काढून लांब टाका, पाणी तोडा आणि हवा खेळती करा. बाकीचा ट्रे बहुतेक वेळा वाचतो. माझाही वाचला असता.

आता सल्ला कुणाचा घ्यायचा, म्हणजे गुरूबद्दल. जो औषध विकतो त्याला गुरू करू नका. माणूस वाईट असतो असं नाही, पण "आज काहीच घालू नकोस" हे सांगणं त्याला परवडत नाही. मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आहे, अरभावीचं बागायती महाविद्यालय आहे, तिथे रोप घेऊन जा. कागद कन्नडात मिळाला आणि वाचायला अडलं तर शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या, त्यात लाज कसली? आणि रोप लवकर विकायला यावं म्हणून 19:19:19 या विद्राव्य खताचा मारा करू नका. उंच, लुसलुशीत रोप गिऱ्हाइकाला आवडतं, पण शेतातला पहिला वारा त्याला झोपवतो.

पांढऱ्या माशीसाठी बारीक जाळी आणि दोन दारं लागतातच, इथे पैसे वाचवू नका. रोपवाटिकेत शिरलेला पर्णगुच्छ, म्हणजे ही माशी पसरवते तो पानं आकसवणारा रोग, पुष्कळदा रोप शेतात लावल्यावर दिसतो, तोवर रोपं लोकांच्या शेतात गेलेली असतात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट कुणी मनावर घेत नाही. निपाणीचा तंबाखू घरोघरी आहे. कुणी चघळतं, कुणी बिडी ओढतं, कुणी मिश्री लावतं. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि हातावरून टोमॅटोच्या रोपाला लागतो. दाराशी बादली आणि साबण ठेवा. वडीलधाऱ्या माणसांना हात धुवा म्हणताना जीभ अडखळते, तरी म्हणा. मी स्वतः त्यांच्यासमोर आधी धुतो, मग सांगावं लागत नाही.

रोपं 25 ते 30 दिवसांची झाली की द्यायला काढतो. त्याआधीचे पाच-सात दिवस पाणी कमी करतो, सावली काढतो, पडदे वर ठेवतो. पानं थोडी जाड आणि गडद होतात, देठावर जांभळट छटा येते. नेण्याच्या दिवशी सकाळी एकदा भिजवतो, म्हणजे गड्डा न फुटता निघतो. शेतकरी गाडी घेऊन आला की एक ट्रे त्याच्या हातात देतो आणि सांगतो, "अण्णा, आज लावायला जमलं नाही तर उद्या आधी हे असं उचलून बघा, मगच पाणी घाला."