फाउंडेशनचे मोठे साहेब गेले, आता फाईल कुणाकडं न्यायची?

कोल्हापूर परिसरात छोटी संस्था चालवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच म्हणून लिहितोय. आमची संस्था राधानगरी भागातल्या वाड्यांवर मुलींसाठी अभ्यासिका चालवते आणि एका उद्योजक घराण्याचं फाउंडेशन आम्हाला सहा वर्षं दरवर्षी चार लाख देत होतं. अर्ज-बिर्ज काय नाही, दिवाळी झाली की फाईल घेऊन जायचं, मोठे साहेब चहा पाजणार, मागच्या वर्षीची ती चष्मेवाली पोरगी बारावी झाली का विचारणार, आणि जानेवारीत चेक. मग साहेब गेले. आम्ही भेटून आलो, आणि तीन महिन्यांनी आमच्या ऑफिसातनं मागच्या वर्षीचंच पत्र फक्त तारीख बदलून गेलं. वर 'आदरणीय आप्पासाहेब'. ते उघडलं त्यांच्या सूनबाईंनी, ज्या आता मॅनेजिंग ट्रस्टी होत्या. उत्तर आलं नाही, कसं येईल.

तेव्हा डोक्यात शिरलं की पैसा फाउंडेशनचा वगैरे नव्हता, एका माणसाचा होता. माणूस बदलला की आपण तिथं परत नवखे, सहा वर्षांची ओळख असली तरी.

बदल झालाय हे वेळेत कळायला पाहिजे. ट्रस्ट महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली ट्रस्टी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय ऑफिसला चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो मंजूर व्हायला किती चपला झिजतात ते आपल्याला आपल्याच संस्थेवरनं माहीत आहे, त्यामुळं नुसत्या शेड्युल वनच्या, म्हणजे ट्रस्टींची नावं असलेल्या धर्मादायच्या नोंदीच्या, नकलेवर विसंबू नका. फाउंडेशन ट्रस्ट नसून सेक्शन आठची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी असेल तर डायरेक्टरांची नावं एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साईटवर दिसतात. पण खरी बातमी फोनवरच कळते. नेहमीच्या अकाउंटंट काकांऐवजी कुणीतरी 'प्रोग्रॅम मॅनेजर' बोलायला लागला आणि 'आम्ही सध्या स्ट्रॅटेजी रिव्ह्यू करतोय' म्हणाला की समजा, बराच काळ नवीन पैसा नाही.

मोठ्या ठिकाणी गाडी थांबत नाही. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले आणि ११ तारखेला नोएल टाटा टाटा ट्रस्ट्सचे चेअरमन झाले. घरगुती फाउंडेशनमध्ये चेकवर सह्या करणारे दोघंच असतात, त्यातला एक गेला की ठराव, बँकेची केवायसी, नवीन सही, यातच महिने जातात. म्हणजे पैसा अडला याचा अर्थ प्रत्येक वेळी नकार नसतो. एमओयू, म्हणजे लेखी करार, झालेला असेल आणि हप्ता बाकी असेल तर तो एमओयू, मागचं यूसी (पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला) आणि ऑडिट रिपोर्ट जोडून साधं पत्र द्या, गळा काढू नका. आणि एमओयू नसेल, आमच्यासारखा सगळा चहावरचा व्यवहार असेल, तर मागायला तोंड नाही. साहेब धडधाकट असतानाच कागद करून घ्यायला पाहिजे होता.

पहिल्या भेटीला प्रपोजल नेऊ नका. एक पान न्या, सहा वर्षांत किती पैसे आले, कशावर गेले, किती मुली. मग विचारा. जुन्या कामांतलं काय ठेवायचं ठरलंय? आता निर्णय कोण घेतं, घरचे की बाहेरची कमिटी? आणि मुख्य म्हणजे, थांबवणार असाल तर एकदम न थांबवता टप्प्यानं कमी कराल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला आम्ही सगळेच लाजतो, आणि नेमकं त्यालाच बऱ्याचदा हो मिळतं, कारण समोरच्यालाही सासऱ्यांनी चालवलेलं काम तोडल्याचा ठपका नको असतो.

मी दुसऱ्या भेटीत एक शहाणपणा केला. सूनबाई मॅडमना हवामानबदलात रस आहे असं कळलं होतं, मग प्रपोजलमध्ये अभ्यासिकेला सोलर दिवे घुसडले. त्यांनी वाचलं, विचारलं, "अभ्यासिका कधी बंद होते?" म्हटलं सहाला, मुलींना उजेडात घरी पोचायचं असतं. "मग दिवे कुणाला?" मी पाणी प्यायलो. नवी पिढी शिकून आलेली असते, कागद वाचते. तुमचं काम त्यांच्या विषयात बसत नसेल तर सरळ सांगा, भावा, ओढून-ताणून बसवलेलं तिसऱ्या ओळीत कळतं.

आणखी एक फरक नीट बघा. आप्पासाहेब खासगी पैसा द्यायचे. पुढची पिढी बऱ्याचदा तोच चेक कंपनीच्या सीएसआरमधनं, म्हणजे कायद्यानं समाजकामावर खर्चायच्या पैशातनं, देऊ म्हणते आणि मग सगळे नियम बदलतात. १ एप्रिल २०२१ पासनं तुमच्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-१ नोंदणी लागते, तिच्यासाठी आयकर खात्याच्या बाराए (12A) आणि एटीजी (80G) नोंदण्या आणि सहसा तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. काम कंपनी कायद्याच्या शेड्युल सातमधल्या यादीत बसायला पाहिजे, शिक्षण बसतं. जमेची बाजू म्हणजे त्याच कायद्याचं कलम १३५ कंपनीला आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतं, तेव्हा कारखाना शिरोली किंवा गोकुळ शिरगावला असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. परदेशी फाउंडेशन असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घ्यायची केंद्राची नोंदणी, असल्याशिवाय बोलणंच नको, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेनं दुसरीला पुढं देता येत नाही, त्यामुळं 'मोठ्या संस्थेमार्फत घेऊ' हा जुना मार्गही बंद.

आमचं काय झालं? यंदा अडीच लाख, पुढच्या वर्षी सव्वा, मग बंद. त्यानंतर कंपनीकडं अर्ज करा, मी शब्द टाकते म्हणाल्या. सीएसआर-१ ची फाईल सीएकडं पडून आहे, सोमवारी परत जाऊन बसणार आहे.