निओह २ मध्ये सारखे मरताय? मग आधी या चुका टाळा

निओह २ बद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "गेम अनफेअर आहे राव, दोन फटक्यात मारतो". मारतो ना, नाही कोण म्हणतंय. पण जरा नीट बघा, तुम्ही मरता त्याच्या आधीच्या दोन सेकंदात काय होतं? बहुतेक वेळा तुमचा की बार, म्हणजे स्टॅमिनाचा बार, रिकामा झालेला असतो, हिरो धापा टाकत उभा असतो आणि समोरचा योकाई, म्हणजे राक्षस, निवांत येऊन हाणतो. मग लोक काय करतात, लेव्हल वाढवत बसतात, जुनी मिशन परत परत खेळतात, आणि लेव्हल वाढली तरी तसेच मरतात, कारण प्रॉब्लेम लेव्हलचा नव्हताच कधी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, टीम निंजाचा गेम, मार्च २०२० मध्ये पीएस४ वर आला, फेब्रुवारी २०२१ मध्ये पीसीवर. सोळाव्या शतकातला जपान, तुम्ही अर्धे माणूस अर्धे योकाई. स्टोरी बाजूला ठेवू, मरण्यावर बोलू.

की पल्स न मारता हल्ला करत सुटणं

स्टॅमिनाला इथे की म्हणतात हे सगळ्यांना कळतं, पण तो आपोआप भरायची वाट बघणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. हल्ला केल्यावर हिरोभोवती निळसर प्रकाश गोळा होतो, तो पूर्ण गोळा झाला की आर१ (प्लेस्टेशन कंट्रोलरचं बटण) दाबायचं, हाच की पल्स, म्हणजे आत्ताच खर्च केलेला बराचसा की लगेच परत मिळतो. टायमिंग अचूक बसलं तर जेवढा परत मिळण्यासारखा असतो तेवढा सगळा. पाच सहा फटके मारून मग एकदा पल्स, असं करू नका. दोन किंवा तीन फटके, पल्स, परत दोन. हे हाताला लागेपर्यंत पहिल्या मिशनमधल्या साध्या सैनिकांवर घासत बसलात तरी चालेल, कंटाळा येईल पण पुढे तेच कामाला येणार आहे.

आणि हे फक्त की परत मिळवण्यापुरतं नाहीये. योकाई जमिनीवर जो काळपट डबक्यासारखा प्रकार सोडतात ना, त्यात उभं राहिलात तर तुमचा की मुंगीच्या चालीने भरतो, आणि तिथे पल्स मारला की ते डबकं साफ होतं. कितीतरी लोक त्या डबक्यात उभे राहून ब्लॉक दाबून धरतात, ब्लॉकवर फटका बसल्यावर की आणखी जातो, बार संपतो, खेळ खल्लास. सामुराई स्किल ट्रीमध्ये फ्लक्स नावाचं स्किल आहे ते शक्य तेवढ्या लवकर घ्या, पल्स मारतानाच स्टान्स (शस्त्र धरायची पद्धत, हाय, मिड किंवा लो) बदलला की जास्तीचा की मिळतो. यामुळे आपोआप तिन्ही स्टान्स वापरायची सवयही लागते, नाहीतर अर्धी पब्लिक अख्खा गेम मिड स्टान्समध्ये काढते.

उलट बाजूही आहे. समोरच्याचा पण की असतो. माणूस असेल तर त्याचा की संपला की जवळ जाऊन ट्रँगल, जबरदस्त फटका बसतो. योकाई असेल तर त्याचा जांभळा बार संपला की तुमच्या प्रत्येक फटक्याला तो अडखळायला लागतो, खरा डॅमेज तेव्हाच काढून घ्यायचा. हेल्थ बारकडे बघून खेळणाऱ्यांना बॉस संपता संपत नाही, जांभळ्या बारकडे बघून खेळणाऱ्यांना तोच बॉस बराच सोपा जातो.

लाल चमक दिसली की पळणं

बॉस लाल चमकून मोठा हल्ला करतो तेव्हा नवीन माणूस मागे पळतो, आणि तो हल्ला बहुतेक वेळा लांबवर पोचतोच. तिथेच बर्स्ट काउंटर मारायचा असतो, आर२ आणि सर्कल. तो लागला तर बॉसचा कीचा मोठा तुकडा उडतो. पण तुमचा काउंटर कुठल्या जातीचा आहे हे बघा, तो गार्डियन स्पिरिटवर, म्हणजे तुमच्या सोबतच्या रक्षक आत्म्यावर, ठरतो. ब्रूट असेल तर फटका येताना समोरून भिडायचं, फेरल असेल तर झेप घेऊन अंगावर जायचं, फँटम असेल तर फटका येताना गार्डसारखं अडवायचं. यूट्यूबवरच्या माणसाकडे फँटम आहे आणि तुमच्याकडे ब्रूट, मग त्याचं टायमिंग तुमच्याकडे कसं चालेल? स्पिरिट बदलला आणि "काउंटर लागतच नाहीये" असं वाटत असेल तर दहातले नऊ वेळा हेच कारण.

पहिल्या मिशनचा बॉस मेझुकी, घोड्याच्या तोंडाचा, यावरच हे शिकून घ्या. त्याच मिशनमध्ये सुरुवातीला बैलाच्या तोंडाचा गोझुकी फिरत असतो, त्याच्याशी तेव्हाच भिडलंच पाहिजे असं काही नाही बरं का, बाजूने निघून जाता येतं. इगो बाजूला ठेवा, नंतर या.

वजन

चिलखत जितकं जड तितकं चांगलं असं वाटतं, आणि मग डॉज म्हणजे म्हैस लोळल्यासारखा होतो. वजन ७० टक्क्यांच्या वर गेलं की अ‍ॅजिलिटी सी होते आणि डॉज, की रिकव्हरी दोन्ही मार खातात. बी मध्ये राहा. ए साठी ३० टक्क्यांच्या खाली यावं लागतं, तो नाद सुरुवातीला नको.

स्किल घेतलं पण निघत नाही, मंत्र घेतला पण दिसत नाही

हा बग नाहीये. स्किल शिकल्यावर स्किल कस्टमायझेशनमध्ये जाऊन बघा, त्या बटणावर आधीपासून दुसरं काहीतरी बसलेलं असतं, किंवा ते स्किल हाय स्टान्सचं असतं आणि तुम्ही लो मध्ये बटणं बडवत असता. ओन्मयो (मंत्र) आणि निन्जुत्सूचं (निंजा विद्या) तर अजून एक पाऊल पुढे, श्राइनवर (मिशनमधलं विश्रांतीचं देऊळ) जाऊन ते रेडी करायचे आणि मग शॉर्टकटमध्ये टाकायचे, नुसतं शिकून काही होत नाही. स्लॉथ तालिस्मान घेऊन ठेवा, बॉस थोडा वेळ स्लो होतो आणि कोणी काहीही म्हणो ही चीटिंग नाही, गेमनेच दिलंय.

तसंच एका शत्रूवर दोन वेगळ्या एलिमेंटचा परिणाम झाला, म्हणजे आग लागलीये आणि वर वीजही, तर तो कन्फ्यूज्ड होतो आणि तेवढ्या वेळात त्याची हालत खराब होते. हे शांतपणे बसून सेट करायचं काम आहे, मारामारीत मेनू उघडून नाही.

फुकट सोनं उडवणं

आवडती कटाना मिळाली म्हणून लोहाराकडे सोल मॅच (जुन्या शस्त्राची लेव्हल वाढवणं) करत बसू नका, खर्च वाढत जातो आणि पुढच्या मिशनमध्ये त्याहून चांगली जमिनीवर पडलेली मिळते. पहिल्या प्लेथ्रूमध्ये जे मिळेल ते घालायचं. नको असलेला माल श्राइनवर अर्पण करा, अमृता (लेव्हल वाढवायला लागतं ते) मिळतं.

अमृतावरून आठवलं. मेलात की ते थडग्यापाशी राहतं आणि गार्डियन स्पिरिट पण तिथेच, म्हणजे तोपर्यंत योकाई शिफ्ट (योकाईचं रूप घेणं) बंद. ते आणायला धावत सुटू नका, रस्त्यात परत मेलात तर अमृता कायमचं गेलं. बॉसच्या खोलीत अडकलं असेल तर समनर्स कँडल (ते परत बोलावणारी वस्तू) वापरा. लाल थडगी (मेलेल्या खेळाडूंची, उठवली की लढायला येतात) दिसली की प्रत्येकाला उठवायलाच पाहिजे असंही नाही, आधी त्याची लेव्हल वाचा. निळी मात्र मदतीला आहेत, ती बोलवायला लागणारे ओचोको कप साठवून मरणाऱ्यांना काय मिळतं देव जाणे, वापरा की!

पीसीवाल्यांसाठी

सगळं बरोबर करताय पण पल्सचं टायमिंग रोज वेगळं वाटतंय, गेम मधेच स्लो मोशनमध्ये गेल्यासारखा होतोय? मग हात नाही, फ्रेमरेट तपासा. या गेमचा स्पीड फ्रेमरेटशी बांधलेला आहे, ६० सेट करून मशीन ४५ च देत असेल तर अख्खा गेमच हळू चालतो. शॅडो आणि रिझोल्यूशन कमी करा, तरी नाही जमलं तर सरळ ३० वर लॉक करा, दिसायला बेकार पण टायमिंग एकसारखं राहील. आणि कीबोर्डवर तीन स्टान्स, पल्स, काउंटर, शॉर्टकट सगळं सांभाळायचं म्हणजे बोटांची कसरत आहे, साधा का होईना कंट्रोलर घ्या.