पत्रकार दिन करायचाय? मग आधी घड्याळ बघा

डिसेंबर लागला की खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पत्रकारांचे फोन सुरू होतात. यंदा आम्हीपण ६ जानेवारीला दिवसभराचा कार्यक्रम ठेवतोय, रक्तदान, स्पर्धा, सत्कार, व्याख्यान सगळं एका दिवसात, तुम्ही बेळगावात कसं करता ते जरा सांगा की. दरवर्षी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतोय म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट म्हणजे, आपली माणसं लग्नाला येतात तशी या कार्यक्रमाला येत नाहीत. लग्नात माणूस एकदा आला की जेवूनच जातो. पत्रकार पाच मिनिटं बसतो, फोन वाजतो, "आलोच" म्हणून जो जातो तो संध्याकाळी पेपरचं पान लागल्यावरच भेटतो. त्यात त्याची काही चूक नाही, हायवेला अपघात झाला तर तो काय शाल घ्यायला बसून राहणार होय? म्हणून कार्यक्रम काय काय ठेवायचे हे नंतर ठरवा, कधी ठेवायचे ते आधी. आमचा हिशोब असा की सकाळी साडेसात ते अकरा माणूस जरा मोकळा असतो, अकरा ते दोन प्रेस कॉन्फरन्स, मोर्चे आणि डीसी ऑफिसची (जिल्हाधिकारी कचेरीची) निवेदनं, दोन ते चार परत थोडी उसंत, आणि चारनंतर डेस्कवाला, म्हणजे ऑफिसात बसून पेपर लावणारा, कुणीही तुमचा नाही. चारनंतर मुख्य कार्यक्रम ठेवलासा तर समोर फक्त पाहुण्यांचे ड्रायव्हर बसलेले दिसतील. आम्ही हे एका वर्षी करून बघितलंय, फोटोत रिकाम्या खुर्च्या येऊ नयेत म्हणून फोटोग्राफरला स्टेजवर चढून मागनं फोटो काढायला लावला, तर रिकाम्या खुर्च्या जास्तच दिसल्या.

तारीख शक्यतो हलवू नका. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, त्याचा तो दिवस, त्याला काहीतरी अर्थ आहे. आठवडाभर पुढं ढकलू म्हणालात तर संक्रांत येते, आणि १७ जानेवारीला हुतात्मा दिन असतो, त्या दिवशी सकाळी सगळे हुतात्मा चौकात असतात, १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन सोडून तुमच्या संगीत खुर्चीला कोण येणार. डिसेंबरात सुवर्णसौधचं, म्हणजे बेळगावातल्या विधानसौधातलं, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं तर त्या दोन आठवड्यात कमिटीची मीटिंगसुद्धा लावू नका, सगळे हालगा रोडवरच मुक्कामाला असतात. मीटिंग नोव्हेंबरात एक आणि अधिवेशन उठल्यावर एक, एवढ्या दोन पुरतात. आणि ज्या वर्षी पौष लागलेला असतो त्या वर्षी लग्नं नसतात, मंगल कार्यालयवाले मोकळेच बसलेले असतात, तेव्हा भाड्यात घासाघीस करा, लाजू नका.

बॅनरचं मात्र जपून. प्लास्टिकच्या फ्लेक्सला कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे, दुसऱ्याच्या फ्लेक्सची बातमी आपणच करतो आणि आपल्याच दारात फ्लेक्स लावला तर तोंड कुठं दाखवायचं. कापडी बॅनर करा. रस्त्यावर लावणार असाल तर महापालिकेची, नाहीतर पंचायतीची लेखी परवानगी घ्या आणि बॅनरवर कन्नडपण ठेवा. काही जण नाक मुरडतात, पण आपल्या भागात सकाळी सकाळी बॅनरवरनं वाद नको असेल तर हाच सोपा रस्ता, शिवाय आपले कन्नड पेपरवाले मित्र येणारच असतात. त्यांना १ जुलैचं अगत्य जास्त, कारण १८४३ साली त्या दिवशी मंगळुरात हर्मन मोग्लिंगनं 'मंगळूर समाचार' काढलं, कन्नडातलं पहिलं वर्तमानपत्र, तेही दगडावर छापून. आम्ही त्यांच्या १ जुलैला जातो, ते आमच्या ६ जानेवारीला येतात, आणि सूत्रसंचालन करणाऱ्याला एवढं एक वाक्य सांगून ठेवतो की 'दर्पण'च्या पानावरसुद्धा एका कॉलमात मराठी आणि शेजारच्या कॉलमात इंग्रजी होतं, म्हणजे दोन भाषांत पेपर चालवणं ही आपली जुनीच खोड. हॉलमध्ये हमखास हशा येतोय.

आता दिवस कसा लावायचा ते. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक ठिकाणी आरोग्य तपासणी आणि रक्तदान एकत्र ठेवतात आणि दोन्हीची वाट लागते. फास्टिंग शुगर बघायची तर पोट रिकामं पाहिजे, रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तास काही खाल्लेलं चालत नाही. रक्तदानाला बरोबर उलटं, उपाशी माणसाला टेबलावर घेतच नाहीत, घेतलं तर चक्कर येऊन पडतोय. म्हणून क्रम असा, साडेसातला शुगर आणि बीपी, तिथनं उठला की थेट नाष्टा, आणि नाष्टा होऊन तास-दीड तासानं रक्तदान. आणि नाष्ट्याचा स्टॉल तपासणीच्या टेबलाच्या पुढं ठेवा, अलीकडं नको. एका वर्षी आम्ही तो गेटजवळ ठेवला होता, थंडी मरणाची, आलेला प्रत्येक जण आधी गरम उप्पीट आणि चहा घेऊनच आत आला, मग फास्टिंग कुणाचं बघणार, डॉक्टर नुसते हसत बसले.

रक्तदानाची यादी आदल्या आठवड्यातच करा आणि करताना विचारून घ्या. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा तरी पाहिजे, आधी दिलं असेल तर पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने झालेले पाहिजेत. आपल्या लोकांत आणखी एक अडचण म्हणजे रात्रपाळी. डेस्कवरचा माणूस रात्री दोनला घरी जातो आणि सकाळी हौसेनं बाही वर करून येतो, त्याची झोप झालेली नसली तर त्याला घेऊ देऊ नका, रक्तपेढीवाले विचारतात तेव्हा तो खोटं बोलतो म्हणून तुम्हीच आधी सांगून ठेवा. त्याला दुपारच्या क्विझला बोलवा. रक्तपेढीच्या गाडीला आदल्या रात्री परत एकदा फोन करा, आमच्याकडं एकदा गाडी दोन तास उशिरा आली आणि तोवर निम्मे दाते एका मोर्चाला निघून गेले, तेव्हापासनं मी रात्री नऊला फोन करतोच करतो, लोक कितीही हसू देत.

क्रिकेट त्या दिवशी ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतोय. रक्त दिलेल्या माणसानं त्या दिवशी धावपळीचा खेळ खेळायचा नसतो, आणि खेळून घामाघूम झालेल्याचं रक्त घ्यायला डॉक्टर तयार नसतात, म्हणजे दोन्हीतलं एक बुडणारच. शिवाय टेनिस बॉलच्या सहा-सहा ओव्हरच्या मॅचा म्हटल्या तरी टॉस, भांडण, परत टॉस यात अर्धा दिवस जातो. आदल्या रविवारी सकाळी लेले मैदान नाहीतर गावातलं जे मैदान मिळेल ते धरा, इलेक्ट्रॉनिक मीडिया विरुद्ध प्रिंट, शहर विरुद्ध ग्रामीण असलं काहीतरी करा, आणि ६ तारखेला नुसता कप द्या. ग्रामीणवाले दरवर्षी जिंकतात, हे असंच आपलं सांगितलं. त्या दिवशी हॉलमध्ये कॅरम ठेवा, चार बोर्ड पुरतात, कोपऱ्यात चालू राहतंय, उठून गेलेला परत येऊन बसू शकतो.

साडेदहाला जांभेकरांचं प्रतिमापूजन, सव्वा अकराला सगळं संपलं पाहिजे. समई लावायची जागा पंख्याखाली नको, काडेपेटी अध्यक्षांच्या खिशात असेल असं समजू नका, ती कुणाच्याच खिशात नसते. तेल, वाती, हळद-कुंकू, फुलं, नारळ एका ताटात आदल्या रात्रीच लावून ठेवा. पाहुणा एकच बोलवा. दोन बोलावलात की दुसरा पहिल्याएवढाच वेळ घेतोय, आणि तिसरा असला तर तो "वेळेचं भान ठेवून" म्हणून चालू होतो आणि पाऊण तास बोलतोय. पाहुण्याला विषय द्या, नुसतं 'पत्रकारितेसमोरील आव्हाने' नको, ते ऐकून आमचे कान किटलेत. त्यापेक्षा एखाद्या वकिलाला बोलावून बदनामीची नोटीस आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, किंवा माहिती अधिकारात अर्ज लिहिताना प्रश्न कसा विचारायचा, असलं काहीतरी ठेवा, मग खेड्यातला वार्ताहरसुद्धा वही काढतो.

सत्काराबद्दल माझं मत जरा तिखट आहे. पत्रकारांनी पत्रकारांचाच सत्कार करून घ्यायचा यात मजा नाही. पहाटे चारला गठ्ठे फोडून घरोघरी पेपर टाकणारे, छपाईला प्लेट लावणारे, वीस वर्षं एकाच मार्गावर पार्सलची गाडी चालवणारे, यांना बोलवा. पण त्यांचं घड्याळ आपल्याहून वेगळं, पेपरवाला नऊला मोकळा होतो, घरी जाऊन झोपतो, दुपारी दोनला बोलावलंत तर डोळे चोळत येतोय. त्याला साडेदहालाच घ्या, सत्कार सगळ्यात आधी त्याचा, भाषणं नंतर. शाल, श्रीफळ, फेटा द्या पण त्याबरोबर काहीतरी उपयोगाचं द्या, थंडीत सायकलवरनं जाणाऱ्याला कानटोपी आणि जर्किन मिळालं तर तो वर्षभर नाव काढतोय. स्मृतिचिन्हं आम्ही बंद केली, प्रत्येकाच्या घरी शोकेस भरून सांडायलीत.

अकरा ते दोन बातमीदार गायब असणार, ते गृहीतच धरा आणि हा वेळ घरच्यांना द्या. ही युक्ती आम्हाला उशिरा सुचली. बायका, पोरं, आई-वडील यांना बोलावलं आणि पोरांची चित्रकला, बायकांसाठी पाककला, संगीत खुर्ची असं ठेवलं तर हॉल भरलेला राहतो आणि घरचे तिथं आहेत म्हटल्यावर बातमीदारसुद्धा दोनला जेवायला परत येतो, नाहीतर तो बाहेरच मिसळ खाऊन मोकळा. पोरांच्या चित्रकलेला विषय 'माझे बाबा काय करतात' असा दिला होता, निम्म्या पोरांनी मोबाईल धरलेला माणूस काढला आणि एका पोरीनं नुसतं बंद दार. परीक्षक गप्पच झाले. पोरींच्या आयासुद्धा पत्रकार असतात तेव्हा पुढच्या वर्षीपासनं विषय 'आमचं घर' केला.

लांबनं येणाऱ्यांच्या बसचं बघायलाच पाहिजे. निपाणी इथनं पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, त्यांना सकाळी साडेसातच्या शुगरला या म्हणणं म्हणजे अत्याचार आहे, त्यांच्यासाठी दुपारी बीपी आणि डोळे तपासणी परत एकदा ठेवा. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे त्यामुळं वहिनी मंडळी आता भरपूर येतात, पण आधार कार्डावर पत्ता कर्नाटकातला लागतो. महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगडकडनं येणाऱ्या वहिनीला तिकीट काढावंच लागतंय, एकाच सीटवर दोघी बसलेल्या, एक फुकट आणि एकीला तिकीट, यावरनं दरवर्षी हॉलमध्ये सीमाप्रश्नावर पंधरा मिनिटं चर्चा होते. होऊ दे.

जेवण दीडला चालू. मेनू साधाच, पुरी-भाजी, मसालेभात, ताक, आणि गोडाला कुंदा. श्रीखंड थंडीत उरतंय, कुंदा कधी उरत नाही. आणि जेवढी माणसं येतो म्हणाली त्याहून थोडं जास्त सांगा, कारण ज्यानं "नाही जमत गा" म्हणून सांगितलेलं असतंय तोच कॅमेरामन आणि ड्रायव्हरला घेऊन येतो. दारात कन्नड मित्रांना "ऊटा आय्तू?", म्हणजे जेवण झालं का, म्हणून विचारायला एक माणूस उभा करा, नाहीतर ते लाजून चहावरच जातात.

अडीच ते साडेतीन क्विझ आणि बक्षिसं. क्विझमध्ये देशाची राजधानी विचारू नका, गावचं विचारा. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच. सार्वजनिक वाचनालय कुठल्या साली सुरू झालं, तर १८४८. बाबूराव ठाकुरांनी 'तरुण भारत' कधी काढला, १९१९. सुवर्णसौधचं उद्घाटन, २०१२. तरुण पोरांना गुगल बघू देऊ नका, फोन पिशवीत गोळा करायला लागलात तर मात्र बंड होतंय, त्यापेक्षा प्रश्न विचारून दहा सेकंदच द्या.

आणि ही एक गोष्ट सगळे विसरतात. आपल्याच कार्यक्रमाची बातमी कोण लिहिणार ते आदल्या दिवशी ठरवा. हॉलमध्ये चाळीस बातमीदार बसलेले असतात आणि प्रत्येकाला वाटतंय दुसरा लिहील, मग रात्री आठला ग्रुपवर "बातमी पाठवा की कुणीतरी" सुरू होतं, आणि दुसऱ्या दिवशी खजिनदाराचं नाव चुकलेलं असतंय. एकाला मोकळा ठेवा, त्यानं सगळी नावं आडनावासकट आधीच टाइप करून ठेवायची, बक्षिसांच्या जागा नुसत्या भरायच्या, आणि पावणेचारला फोटोसकट सगळ्या डेस्कना एकदमच पाठवायची. कन्नडात एक कॉपी वेगळी.

चारला हॉल मोकळा होतोय. मंडपवाल्याचे पैसे तिथंच द्या आणि खुर्च्या मोजून द्या, दुसऱ्या दिवशी मोजल्या की चार कमीच भरतात. कुंद्याचे पंधरा-वीस डबे मात्र सकाळीच बाजूला काढून लपवून ठेवा, अगदी अध्यक्षांनासुद्धा सांगू नका. ते संध्याकाळी ऑफिसांत न्यायचे, रात्रपाळीच्या डेस्कवर आणि खाली मशीनवर.