वसंतात परसबाग लावताय? आधी निचरा तपासा

थंडी ओसरून दुपारचं ऊन चटकू लागलं की नव्या बागेत पाण्याचा मारा सुरू होतो, आणि दरवर्षी सगळ्यात जास्त रोपं त्यातच जातात. रात्री अजून गार असतात, माती सावकाश वाळते. अशा गार ओलीत पिथियमसारखी बुरशी फोफावते. रोपाची मान मातीलगत पाणचट होते, दोऱ्यासारखी बारीक होते. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी आडवं. ते पुन्हा उठत नाही. उरलेली वाचवायची तर आडवी रोपं मातीसकट काढा, दाटी विरळ करा, पाणी लगेच तोडा.

म्हणून बियाणं आणण्याआधी निचरा बघा. जमिनीत फूटभर खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. या खेपेला पाणी तासाला इंचभर तरी उतरायला हवं. नाही उतरलं तर ८-१० इंच उंच गादीवाफा करा. कुंडीला बोट जाईल अशी ४-५ छिद्रं हवीत, त्यांवर खापरीचे तुकडे उपडे ठेवा. तळाला खडीचा थर मात्र घालू नका. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच साचतं आणि मुळं नेमकी तिथेच पोचतात.

मिश्रण: माती २ भाग, पूर्ण कुजलेलं खत १ भाग, जाड वाळू १ भाग.

पेरणी:
– धने: रगडून दोन फाकी, अर्धा इंच खोल, ऊन वाढलं की कोथिंबीर फुलावर येते, म्हणून लवकर
– तुळस: बी वरच भुरभुरवा
– पुदिना: काडी, वेगळ्या कुंडीत
– टोमॅटो, मिरची: आधी रोपं, टोमॅटो ४-५ पानांवर हलवा
– फळभाज्यांना किमान ६ तास ऊन

पाणी सकाळी, तेही बोट दोन पेरं मातीत घालून बघितल्यावरच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरत असाल तर ते वरून फिकट, कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं. त्याच्या रंगावर जाऊ नका. मातीच्या कुंडीवर टिचकी मारा: खणखणीत वाजली तर तहान, बद्द वाजली तर थांबा. दुपारी पानांनी माना टाकल्या तरी संध्याकाळपर्यंत वाट बघा. माती ओली असून पहाटेही पान मलूल असेल, तर मुळं कुजताहेत. अशा वेळी विक्रेता मुळांचं महागडं टॉनिक हातात ठेवतो. पाण्याने भरलेल्या मातीत मुळाला हवाच मिळत नाही, तिथे टॉनिक काय करणार? तो खर्च वाचवा. त्यापेक्षा पेरण्याआधीच बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा, किलोला ५ ग्रॅम. घरच्या मूठभर बियाण्याला चिमूट पुरते.

मावा (पानांतला रस शोषणारे बारीक किडे) मात्र ऊन वाढताच येतो. कोवळी पानं रोज उलटून बघा. थोडा असेल तर पाण्याच्या धारेने झाडा. वाढला तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, २ ग्रॅम साबण मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.