आइझ सेडाय बोलायला लागल्या की नेमकं काय ऐकायचं

रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही फँटसी कादंबरीमालिका वाचायला घेतलेले बरेच जण पहिल्या-दुसऱ्या पुस्तकातच वैतागतात, कारण त्यातल्या या जादू करणाऱ्या आइझ सेडाय बायका नक्की कोणाच्या बाजूने आहेत तेच कळत नाही. तीन हजार वर्षांहून जुनी संघटना, टार व्हालॉन शहरातल्या व्हाइट टॉवरमध्ये बसून राजे-राण्यांना नाचवणार, आणि सरळ उत्तर म्हणून देणार नाहीत. मग लोक सात रंगांचे गट पाठ करायला बसतात. ते राहू द्या, आधी प्रत्येक आइझ सेडायने घेतलेल्या तीन शपथा डोक्यात बसवा.

पहिली, खरं नसलेला एक शब्दही बोलायचा नाही. दुसरी, माणसाने माणसाला मारावं असं हत्यार बनवायचं नाही. तिसरी, वन पॉवर (म्हणजे त्यांची जादूची शक्ती) हत्यार म्हणून वापरायची नाही, फक्त सैतानाची पिल्लावळ समोर असेल किंवा स्वतःचा, आपल्या वॉर्डरचा (म्हणजे रक्षक योद्ध्याचा) नाहीतर दुसऱ्या आइझ सेडायचा जीव अगदीच जायची वेळ आली असेल तरच.

खरी गंमत पहिलीत आहे. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' आठवा, इथे अख्खा टॉवर तसल्या धर्मराजांनी भरलाय. त्यामुळे आइझ सेडाय काही बोलली की थांबायचं आणि बघायचं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का शेजारच्याच प्रश्नाचं दिलं? 'असेल', 'कदाचित', 'मला वाटतं' कुठे घुसवलंय? उलट प्रश्न विचारून विषय बदलला का? पहिल्याच पुस्तकात म्वारेन नावाची आइझ सेडाय गावातल्या पोरांना एकेक चांदीचं नाणं देते, छोटी-मोठी कामं लागतील म्हणून. खोटं काहीच नाही त्यात, फक्त त्या नाण्यांवरून पोरं कुठे आहेत ते तिला कळणार आहे एवढंच ती सांगत नाही 😄

अजून एक, शपथ खोटं बोलण्यापासून अडवते, चुकण्यापासून नाही. तिला स्वतःलाच चुकीचं माहीत असेल तर ती चूक ती बिनधास्त ठासून सांगू शकते, म्हणजे 'आइझ सेडाय म्हणाली म्हणजे तसंच असणार' हे डोक्यातून काढा.

आणि शपथ घेतलीय का ते आधी बघा. नॉव्हिस आणि त्यांच्या वरच्या पायरीवरच्या अ‍ॅक्सेप्टेड, म्हणजे अजून शिकणाऱ्या मुलींनी घेतलेली नसते. शेपूट गिळणाऱ्या सापाची अंगठी अ‍ॅक्सेप्टेडही घालतात, त्यामुळे नुसत्या अंगठीवर जाऊ नका, पूर्ण आइझ सेडाय झाल्यावर मिळणारी शाल मिळालीय का ते महत्त्वाचं. चेहऱ्यावरून तर काहीच कळणार नाही, शालीच्या परीक्षेत जादूच्या १०० विणी काढायच्या असतात त्यासुद्धा चेहरा शांत ठेवून, मग तुमच्या-आमच्यासमोर काय डगमगणार.

या सगळ्यात एक मोठ्ठी पळवाट पण आहे, ती सांगत नाही, स्पॉयलर होईल.

आता रंग, पटकन. ब्लू म्हणजे न्यायासाठी झटणाऱ्या, रेड जादू करणाऱ्या पुरुषांच्या मागे लागणाऱ्या (वॉर्डर ठेवत नाहीत), ग्रीन लढाईच्या आणि एकाहून जास्त वॉर्डर ठेवणाऱ्या, यलो जखमा बऱ्या करणाऱ्या, ब्राउन पुस्तकात बुडालेल्या, व्हाइट तर्कवाल्या, ग्रे वाटाघाटीवाल्या. टॉवरच्या सभागृहात प्रत्येक गटाच्या ३ म्हणजे एकूण २१ जणी, वर आमर्लिन, म्हणजे सगळ्यांची प्रमुख. पण दोघी-तिघी एकत्र आल्या की रंगापेक्षा कोण कोणापुढे नमतं घेतंय ते बघा, कारण मान जादूतल्या ताकदीवर ठरतो, ते कोणी बोलून दाखवत नाही.

मुख्य पुस्तकं १४ आहेत, १९९० ते २०१३, शेवटची ३ जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सँडरसन या लेखकाने पूर्ण केली. 'न्यू स्प्रिंग' हे वेगळं पुस्तक कथेत आधी घडतं म्हणून त्यापासूनच सुरू करा असं कोणी सांगेल, करू नका, म्वारेन आधीच ओळखीची झाली तर पहिल्या पुस्तकात तिच्यावर संशय घ्यायची मजाच जाते. पाच-सहा पुस्तकं झाल्यावर मधे कधीतरी वाचा.